अठरा प्लेलिस्ट, बेचाळीस दिवस

28 डिसेंबरला काकांचा निरोप आला. 'यंदा परीक्षकांत तुझं नाव घालतोय. जमणार नसेल तर दोन दिवसांत कळव.' दोन दिवस मी नुसता विचार करत राहिले, तेवढ्यात नाव लागलंसुद्धा.

आमचा गाणी ऐकणाऱ्यांचा एक गट आहे. दरवर्षी एक विषय ठरतो, प्रत्येकाने त्यावर एक प्लेलिस्ट करून पाठवायची आणि गटातलेच काही जण त्या ऐकून गुण देतात. परीक्षक नेमण्याचं काम काकांकडे. चार वर्षं मी प्लेलिस्ट पाठवत होते. गुण कमी आले की दोन दिवस खट्टू व्हायचे, चांगले आले की परीक्षकाचं टिपण पुन्हा पुन्हा वाचायचे. पण देणाऱ्याच्या बाजूला काय चालतं, याची मला काडीमात्र कल्पना नव्हती. कुणी लिहून ठेवलंय का म्हणून शोधलं, हाती काही लागलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. पुढच्या वर्षी ज्याचं नाव लागेल त्याला निदान सुरुवात कुठून करायची एवढं तरी कळेल.

आधी नियम सांगते, कारण पहिले दोन दिवस तेच वाचण्यात गेले. प्लेलिस्ट 60 मिनिटांची, वर एका मिनिटाची सूट. गाणी 12 ते 16. एका कलाकाराची दोनपेक्षा जास्त नकोत. सगळी गाणी एकाच स्ट्रीमिंग सेवेवर मिळायला हवीत. सोबत पाच ओळींचं मनोगत. यंदाचा विषय होता 'परतीची वाट'. गुण दहापैकी: विषयाला 2, निवडीला 3, क्रमाला 4 आणि मनोगताला 1. अर्धा गुण देता येतो, पाव नाही.

60 मिनिटं का, हे मी काकांना विचारलं. गट सुरू करणारी मंडळी कॅसेटच्या काळातली. फिलिप्सने 1963 मध्ये आणलेल्या त्या छोट्या कॅसेटचा सी-60 हा प्रकार म्हणजे एका बाजूला 30 मिनिटं, दुसऱ्या बाजूला 30. हे लोक एकमेकांना गाणी भरून द्यायचे ते त्यावर. आजही आमच्या नियमावलीत 'बाजू बदल' असा रकाना आहे. कॅसेट असती तर पहिली बाजू कुठे संपली असती, ती जागा पाठवणाऱ्याने नोंदवायची. मी चार वर्षं तो रकाना अंदाजपंचे भरत आले होते. परीक्षक झाल्यावर कळलं की अनुभवी माणसं यादी हातात आली की आधी तोच रकाना बघतात. तिथे थांबण्यासारखं काही घडतंय का, तिथून पुढे नवी सुरुवात झाल्यासारखी वाटते का, यावरून पाठवणाऱ्याने क्रमाचा किती विचार केलाय हे बरंचसं कळतं.

यंदा 54 प्लेलिस्ट आल्या होत्या. परीक्षक नऊ, प्रत्येक प्लेलिस्ट तिघांकडे, म्हणजे माझ्या वाट्याला 18. 11 जानेवारीला संध्याकाळी एक्सेलची फाइल आली. नावं काढून टाकलेली, फक्त क्रमांक. 12 जानेवारी ते 22 फेब्रुवारी अशी 42 दिवसांची मुदत. प्रत्येक प्लेलिस्ट निदान दोनदा ऐकायची ही अट, म्हणजे 36 तास. दिवसाला एक तास म्हटलं तरी सहा दिवस हाताशी उरतात, असा हिशेब करून मी निर्धास्त झाले. ते सहा दिवस कुठे गेले ते पुढे येईलच.

पहिलं काम ऐकण्याचं नव्हतंच. काकांनी बजावलं होतं, 'आधी सगळ्या याद्या नुसत्या डोळ्यांखालून घाल. कुणाची ओळखू आली तर लगेच सांग, ऐकून झाल्यावर नको.' आणि क्रमांक 23 वर माझं बोट थांबलं. तिसरं गाणं एका जुन्या मैफलीचं होतं, आणि नेमक्या त्याच ध्वनिमुद्रणावर नोव्हेंबरात माझ्या मैत्रिणीशी तासभर गप्पा झाल्या होत्या. दुसऱ्या कुणाची असणंही शक्य होतं. पण शंका आली म्हणजे आली. 13 तारखेला फॉर्म भरून ती यादी परत केली, 16 तारखेला बदली म्हणून क्रमांक 47 मिळाला. तीन दिवस गेले. महिनाभराने ओळख पटली असती तर पंधरा दिवस गेले असते. मैत्रिणीला मी निकाल लागेपर्यंत यातलं काही सांगितलं नाही. ते मला जड गेलं, कारण गाण्यांबद्दल आम्ही एकमेकींपासून काही लपवत नाही.

मग तयारी. खर्च म्हणाल तर दोन महिन्यांचं जाहिरातींविना सदस्यत्व, एवढाच. ते मात्र घ्याच. दोन गाण्यांच्या मध्ये जाहिरात आली तर क्रमाचे चार गुण कशाच्या जोरावर देणार? डेटाही लागतो: 320 केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला 320 किलोबिट या वेगाला, तासाला साधारण 144 एमबी, म्हणजे 36 तासांचे पाच जीबीच्या वर. वायफाय असेल तेव्हा याद्या उतरवून ठेवलेल्या बऱ्या.

सेटिंग्जमध्ये क्रॉसफेड बंद करायचं, नाहीतर एका गाण्याचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीत मिसळतो. ऑटोप्ले बंद करायचं, नाहीतर शेवटचं गाणं संपल्यावर येणारी शांतता मिळत नाही, भलतंच काहीतरी सुरू होतं. आवाजाची पातळी सारखी ठेवणारं सेटिंग चालू ठेवायचं की बंद, यावर परीक्षकांमध्ये बरीच चर्चा झाली. गाण्याचा आवाज किती मोठा भासतो ते एलयूएफएस या एककात मोजतात. स्पॉटिफायवर ते सेटिंग चालू असलं की गाणी साधारण उणे 14 एलयूएफएसच्या आसपास आणली जातात. बंद केलं तर अलीकडचं गाणं अंगावर येतं आणि जुनं खोल विहिरीतून आल्यासारखं वाटतं. दोन सारख्या गोष्टींतली जरा मोठ्याने वाजणारी आपल्याला चांगली वाटते, हा कानाचा दोष सगळ्यांनाच आहे. म्हणून सगळ्यांनी चालू ठेवायचं ठरलं.

कानांचीही काळजी घ्या. जागतिक आरोग्य संघटनेचा प्रौढांसाठीचा हिशेब आठवड्याला 80 डेसिबलवर 40 तास असा आहे, आणि 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. रोज एक तास ऐकण्याने काही बिघडत नाही. पण दमलेल्या कानाने ऐकताना आवाज नकळत वाढत जातो. तो वाढवावासा वाटला की मी त्या दिवसापुरतं थांबायचे.

12 जानेवारी, रविवार. उत्साहाच्या भरात मी ओळीने तीन प्लेलिस्ट ऐकल्या. पहिली नीट आठवते, दुसरी अर्धीमुर्धी, तिसरीबद्दल वहीत एवढंच होतं: 'छान. शेवट बरा.' हे असलं टिपण मला कुणी पाठवलं असतं तर मला रडू आलं असतं. कुणीतरी दोन-दोन महिने गाणी जुळवलेली असतात. त्या दिवसापासून दिवसाला एकच प्लेलिस्ट ऐकायची, फार तर दोन, आणि दोहोंमध्ये निदान चार तास जाऊ द्यायचे, असं ठरवलं.

पहिली फेरी कशी ऐकायची याचाही नियम केला: हातात पेन नाही, यादी समोर नाही, मनोगत वाचायचं नाही. गाण्याचं नाव दिसलं की आठवणी जाग्या होतात आणि गुण गाण्याला दिले जातात, प्लेलिस्टला नाही. ऐकून झाल्यावर पाच मिनिटांत एक कच्चा आकडा लिहायचा आणि वही मिटायची. दुसऱ्या फेरीत यादी, मनोगत, घड्याळ, सगळं समोर. हा नियम चांगला होता असं मला अजूनही वाटतं, पण त्यानेच मला गोत्यात आणलं.

3 फेब्रुवारीला क्रमांक 19 ची दुसरी फेरी होती. पहिल्या फेरीत मी तिला 4 दिले होते. कच्ची नोंद अशी: 'एकच गाणं दोन आवाजांत, लागोपाठ. का? मधली वाद्यसंगीताची जागा उगाच. शेवट अचानक.' आता मनोगत उघडलं. त्यात लिहिलं होतं की सुरुवातीला आणि शेवटी तेच गाणं ठेवलं आहे, आधी तरुण आवाजात आणि मग वयस्कर आवाजात, मध्ये सगळा प्रवास. मी यादी बघितली. पहिलं आणि चौदावं. मग मी ऐकली ती लागोपाठ कशी?

शफल चालू होतं. म्हणजे अॅप गाणी वाटेल त्या क्रमाने वाजवत होतं. 22 जानेवारीपासून प्रवासात मी फोनवर ऐकत होते, फोन खिशात, आणि ते चिन्ह हिरवं झालेलं मी पाहिलंच नव्हतं.

मी खुर्चीत बसून राहिले. चार गुण पक्के म्हणून पाठवले असते तर? हेडफोन लावले आणि ती प्लेलिस्ट तिच्या क्रमाने ऐकली. पहिल्या गाण्यातला तो मोकळा, उंच चढणारा आवाज. सातव्या जागी चार मिनिटांची एकटी बासरी, बरोबर बाजू बदलण्याच्या ठिकाणी. आणि शेवटी तेच शब्द घेऊन आलेला थकलेला आवाज, दर ओळीच्या आधी श्वास ऐकू येणारा. तरुण आवाजाने जिथे तान घेतली होती तिथे हा आवाज नुसता स्वरावर थांबतो. मध्ये 50 मिनिटं गेल्याशिवाय ते थांबणं कळत नाही. क्रमांक 19 ला मी 8 दिले. गाणी तीच चौदा होती.

काकांना त्याच रात्री फोन केला. मला वाटलं होतं रागावतील. ते म्हणाले, 'फोनवर किती ऐकल्यास? त्या सगळ्या पुन्हा ऐक, आणि आधीचे आकडे खोडू नकोस, शेजारी नवे लिही.' अशा एकूण पाच निघाल्या. पाच तास वाढले, आणि हाताशी होते त्या सहा दिवसांतले पाच दिवस इथे गेले. तिघींचे गुण वाढले. चौथीला दोन्ही वेळा 6 आले, पाचवीला दोन्ही वेळा 7. यातल्या पाचवीने मला विचारात पाडलं. पत्ते पिसल्यासारखी गाणी उलटसुलट करूनही जर प्लेलिस्ट तेवढीच चांगली वाटत असेल, तर त्या क्रमात काही घडलेलंच नाही. गाणी उत्तम आहेत, निवडीचे तीन गुण पुरेपूर द्यावेत, पण क्रमाचे चार कसे द्यायचे? मी दीड दिला. पुढे जिथे जिथे क्रमाच्या गुणांबद्दल मन डळमळलं तिथे मी मुद्दाम एकदा शफलवर ऐकलं. वेळखाऊ आहे, पण याच्याइतकी प्रामाणिक कसोटी मला दुसरी सापडली नाही.

मग मी दोन गाण्यांमधल्या सांध्यांकडे लक्ष द्यायला लागले, आणि तिथून पुढचे तीन आठवडे मला खरा आनंद झाला.

क्रमांक 31 चं उदाहरण सांगते. सातवं गाणं पुरुषाच्या आवाजातलं, काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून. शेवटी तंबोरा काही सेकंद एकटा उरतो आणि विरतो. आठवं गाणं बाईच्या आवाजातलं, काळी चारमध्ये. ऐकताना मला वाटलं की सूर बदललाच नाही, नुसता उजेड वाढला. तंबोऱ्याचं अॅप काढून दोन्ही पट्ट्या तपासल्या तेव्हा कळलं: काळी एकचा पंचम, म्हणजे प, हीच काळी चार. आधीच्या तंबोऱ्यातला पंचम कानात घुमत असतानाच तो पुढच्या गाण्याचा षड्ज, म्हणजे सा, होतो. पाठवणाऱ्याने हे मोजून केलं की कानाने, मला माहीत नव्हतं. केलं होतं हे नक्की, कारण पुढे आणखी एका ठिकाणी हेच होतं.

याच्या उलट क्रमांक 12. तिथेही पुरुषाच्या आवाजातलं गाणं काळी एकवर संपतं, पण पुढचं पांढरी दोनवर सुरू होतं. अर्ध्या स्वराचा फरक. कान आधीच्या सा ला धरून बसलेला असतो, आणि नव्या गाण्याचा सा त्याला बेसूर वाटतो. दोन ओळी जाईपर्यंत गायिका बिचारी उगाच आरोपी. मध्ये एखादा ताल वाजवणारा तुकडा किंवा लांब आलापीची सुरुवात असलेलं गाणं टाकलं असतं तरी भागलं असतं. हेही खरं की काही वेळा असा धक्का हवा असतो. इथे नको होता, कारण मनोगतात 'संथ नदीसारखं' असा शब्द होता.

क्रमांक 8 मध्ये मैफलीतलं एक गाणं होतं. टाळ्या सुरू होतात आणि दुसऱ्या सेकंदाला कापल्यासारख्या थांबतात, कारण मूळ अल्बममध्ये त्या पुढच्या ट्रॅकमध्ये चालू राहतात. प्लेलिस्टमध्ये पुढचा ट्रॅक तो नाही. प्लेलिस्ट करणाऱ्यांना माझी विनंती आहे: मैफलीचं गाणं घेतलंत तर शेवटचे दहा सेकंद ऐकल्याशिवाय पाठवू नका. तसंच 78 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवरून आलेली गाणी. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळे ती झटकन मुद्द्याला येतात आणि झटकन संपतात. दोन लांबलचक गझलांच्या मध्ये असं गाणं आलं तर सुरेख वाटतं. तशी तीन लागोपाठ ठेवली की खरखर कानात बसते आणि चौथं स्वच्छ गाणं कोरडं लागतं.

याच काळात एक तांत्रिक अडचण आली. क्रमांक 40 ची दुसरी फेरी सुरू केली तर तिसरं गाणं करडं झालेलं, वाजेचना. हक्कांच्या करारात काही बदललं की गाणी अशी नाहीशी होतात. त्यात पाठवणाऱ्याची काही चूक नसते. 9 फेब्रुवारीला कळवलं. नियम असा की गाणं बदलता येत नाही, पण त्याच ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत चालते. दुसरी प्रत सापडली ती मोठी, दोन मिनिटं जास्तीची, आणि एकूण वेळ 61 च्या वर गेली. मग काकांनी तिन्ही परीक्षकांना विचारलं, तिघांनी लेखी होकार दिला, सवलत मंजूर झाली. 13 तारीख उजाडली. मी मधल्या दिवसांत दुसऱ्या याद्या घेतल्या, पण त्या माणसाचा जीव टांगणीला लागला असणार. पाठवताना यादीचा आणि एकूण वेळेचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आमच्याकडे तो पुरावा म्हणून धरतात, आणि यंदा तो होता म्हणूनच निर्णय चार दिवसांत झाला.

दुसरी फेरी मी उलट्या बाजूने ऐकली, म्हणजे जी शेवटी ऐकली होती ती आधी. हे काकांनी सांगितलं होतं, पण मला पटलं ते एका अभ्यासामुळे. बेल्जियममधली क्वीन एलिझाबेथ स्पर्धा पियानो आणि व्हायोलिनवाल्यांसाठी फार मानाची. तिथे वाजवण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. 1996 मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी तिथले निकाल तपासले तेव्हा उशिरा वाजवणाऱ्यांची बाजू वरचढ निघाली. तिथल्या मुरलेल्या परीक्षकांचं असं होत असेल तर माझं काय? माझ्या वहीत उघड दिसत होतं: पहिल्या सहा प्लेलिस्टना मी हात आखडून गुण दिले होते. पुढे काय येईल माहीत नव्हतं, म्हणून वरचे आकडे राखून ठेवले होते. उलट्या फेरीनंतर त्या सहापैकी चार अर्ध्या किंवा एका गुणाने वर गेल्या.

आता टिपणं. प्रत्येकाला 100 ते 150 शब्द. मला वाटलं होतं हे सोपं जाईल, आणि सगळ्यात जास्त घाम इथेच निघाला. 15 फेब्रुवारीला पहिली सहा टिपणं काकांकडे पाठवली, दुसऱ्या दिवशी त्यातली चार परत. क्रमांक 12 वर मी लिहिलं होतं, 'मधला भाग रेंगाळतो आणि कंटाळवाणा होतो.' त्याखाली काकांची लाल अक्षरं: 'कुठे? मिनिट लिही. आणि तुला कंटाळा आला हे लिही, ते कंटाळवाणं आहे हे नको.' मी पुन्हा हेडफोन लावले. नवं वाक्य असं झालं: '27 व्या मिनिटाला चौथं संथ गाणं सुरू झालं तेव्हा माझं लक्ष उडालं. ते 41 व्या मिनिटाच्या ढोलकीने परत आणलं. ती ढोलकी थोडी आधी आली असती तर मी वाटेतून भरकटले नसते.' एका वाक्याला वीस मिनिटं लागली. पण ज्याने ती प्लेलिस्ट केली त्याला आता 27 व्या मिनिटावर बोट ठेवून बघता येईल, मी चूक आहे असं म्हणताही येईल. त्यानंतर मी एकही टिपण मिनिटाशिवाय लिहिलं नाही. कमी गुणांच्या याद्यांना उलट जास्त शब्द दिले. 4 चा आकडा ज्याच्या हातात पडणार त्याला तो का पडला हे समजण्याचा हक्क आहे.

22 तारखेला रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी शेवटची फाइल गेली. मुदत बाराची होती.

2 मार्चला, रविवारी, परीक्षकांची ऑनलाइन बैठक झाली. ती तब्बल पावणेतीन तास चालली. आधी आकडे एका पातळीवर आणले. माझी सरासरी 6.2 होती, दुसऱ्या एका परीक्षकाची 8.1. म्हणजे माझा 8 हा माझ्या सरासरीच्या 1.8 वर आणि त्यांचा 9 हा त्यांच्या सरासरीच्या फक्त 0.9 वर. नुसती बेरीज केली तर ज्याच्या याद्या माझ्यासारख्या हात आखडणाऱ्याकडे गेल्या तो मार खातो. म्हणून प्रत्येकाची सरासरी वजा करून उरलेला फरक धरतात. माझ्या चार वर्षांच्या गुणांचं कोडं मला तिथे उलगडलं.

तिघांच्या मूळ गुणांत अडीचपेक्षा जास्त अंतर असेल तर त्यावर बोलायचंच, असा नियम आहे. अशा पाच याद्या निघाल्या आणि त्यातली एक होती 31. मी 9 दिले होते, दुसऱ्यांनी 8, तिसऱ्यांनी साडेपाच. तिसरे परीक्षक वयाने मोठे, खूप ऐकलेले. त्यांनी विषयाला शून्य दिलं होतं. म्हणाले, 'एकाही गाण्यात परतण्याचा शब्द नाही. मनोगतातही नाही. परतीची वाट आहे कुठे?' मला बोलायला संकोच वाटत होता. तरी म्हटलं, 'सर, शेवटच्या गाण्याची शेवटची दोन मिनिटं आणि मग लगेच पहिल्याची सुरुवात, एवढं ऐकूया का?' ऐकलं. प्लेलिस्ट काळी एकवर सुरू होते, पट्टी बदलत बदलत बरीच लांब जाते आणि शेवटच्या गाण्यात पुन्हा काळी एकवर येते. तोच षड्ज, तोच खर्ज. कुणी काही बोललं नाही. मग ते म्हणाले, 'परत लावा.' पुन्हा ऐकल्यावर त्यांनी शून्याचा दीड केला, एकूण 7. पूर्ण दोन दिले नाहीत. मनोगतात एक ओळ हवी होती, या मतावर ते ठाम राहिले, आणि मला तेही पटलं. इतकं सुंदर काही केलं असेल तर मनोगताच्या पाच ओळींत ते सांगा. ऐकणारा ओळखेलच, यावर विसंबू नका.

8 मार्चला निकाल लागला. 31 दुसरी आली. 19 पहिल्या दहात होती. माझ्या मैत्रिणीला आठवा क्रमांक मिळाला, आणि 23 खरंच तिची होती. त्या रात्री आम्ही पुन्हा तासभर बोललो.

त्याच दिवशी टिपणं सगळ्यांना गेली. माझ्या 18 पैकी सात जणांनी गटामार्फत उलट उत्तर पाठवलं. एक जण नाराज होते, त्यांनी तीन मुद्दे काढले होते आणि त्यातला एक बरोबर होता: मी एका गाण्याच्या लयीला दोष दिला होता, तो खरंतर त्याच्या जागेचा होता. मी तसं लिहून कळवलं. गुण आता बदलत नाहीत, पण टिपणाखाली दुरुस्ती जोडता येते. ती जोडली.

26 मार्चला क्रमांक 44 पाठवणाऱ्या बाईंचं उत्तर आलं. त्यांना मी साडेपाच दिले होते आणि लिहिलं होतं की 34 व्या मिनिटाला येणारं नववं गाणं काढून टाकावं. त्याच्या सुरुवातीच्या सनईने आधीच्या गाण्याचा सगळा हळवेपणा मोडतो. बाईंनी लिहिलं होतं, 'नववं काढवत नाही, त्याच्यासाठीच बाकीची गाणी गोळा केली होती. आठवं आणि पाचवं यांची अदलाबदल करून बघितलीय. वेळ मिळाला तर ऐका.' सोबत लिंक.

संध्याकाळी ऐकली. यादी समोर न ठेवता, पहिल्या फेरीच्या नियमाने. आता सनईच्या आधी एक द्रुत गाणं होतं, गर्दीसारखं, आणि ते संपता संपता त्यातला ताल एकटाच उरत होता. त्या तालावरून सनई आली तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग बाईंना दोन ओळी लिहिल्या, त्यात 34 व्या मिनिटाचा उल्लेख केला आणि ही प्लेलिस्ट माझ्याकडे ठेवू का, असं विचारलं.